एक टक्का सिरियम : गॅसबत्तीपासून एलईडीपर्यंत उजेडाचा न लिहिलेला इतिहास

#म #मराठी #इतिहास #थ्रेड

१/ देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत असे मुक्काम करीत दौंड तालुक्यातील वरवंडला येते. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे गाव त्या रात्री जागे असते. समाजआरती, कीर्तन, पंगती, राहुट्या. या सगळ्यांना उजेड लागतो. पालखीच्या परंपरेवर पुष्कळ लिहिले गेले. तिच्या मुक्कामांवर पडणाऱ्या उजेडावर फारसे लिहिले गेले नाही.

२/ १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी हा सोहळा सुरू केला, तेव्हा उजेड म्हणजे तेल आणि ज्योत. पुढे गॅसबत्ती आली, मग विजेचा दिवा, मग ट्यूब आणि आता एलईडी. यांतील गॅसबत्ती आणि एलईडी हे दोन दिवे दिसायला अगदी परके. पण त्यांचे गोत्र एक आहे. दोघांच्या पोटात सिरियम नावाच्या धातूचा अगदी थोडा अंश असतो.

३/ या थ्रेडचे प्रतिपादन असे : आधुनिक उजेडाचा इतिहास हा मुख्यतः दिव्यांचा नसून भुकटीचा आहे. ज्याला अतिशुद्ध ऑक्साइड करता आले आणि त्यात परके मूलद्रव्य मोजून मिसळता आले, त्याच्या हाती उजेड राहिला. भारताकडे वाळू होती, भुकटी नव्हती. हे कसे घडले, एकदा ते कसे बदलले आणि पुन्हा हातचे कसे सुटले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने समजून घ्यायला हवे.

४/ प्रथम शब्दांविषयी. आवर्तसारणीतील लॅंथनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा मूलद्रव्ये, शिवाय स्कँडियम आणि यिट्रियम, अशा सतरांना 'दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये' म्हणतात. नाव फसवे आहे. सिरियम हे पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकेच आढळते. दुर्मिळ असते ती त्यांची एकमेकांपासून केलेली ताटातूट. रासायनिक गुणांत ही भावंडे इतकी सारखी, की एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढताना रसायनज्ञांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

५/ ही ताटातूट करणाऱ्यांतील एक अग्रणी म्हणजे व्हिएन्नाचा कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. १८८५ साली त्याने 'डिडिमियम' नावाचे समजले गेलेले मूलद्रव्य फोडून निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम अशी दोन वेगळी काढली. त्याच सुमारास त्याने गॅसच्या ज्योतीवर ठेवायच्या जाळीचे पेटंट घेतले. सुती जाळी क्षारांच्या द्रावणात भिजवायची, वाळवायची आणि जाळायची. सूत जळून जाते. मागे उरतो तो ऑक्साइडचा पांढरा सांगाडा, जो तापला की झळाळतो.

६/ पहिली जाळी फसली. उजेड हिरवट, जाळी ठिसूळ, गिऱ्हाईक नाराज. कारखाना १८८९ साली बंद पडला. मग थोरियमची जाळी करून पाहिली. ती छान उजळली. पण थोरियम जसजसे अधिक शुद्ध करावे तसतसा उजेड मंदावू लागला, हे आउअरचा सहकारी लुडविग हायटिंगर याच्या लक्षात आले. अर्थ उघड होता : उजेड थोरियमचा नव्हता, त्यातील मळाचा होता.

७/ तो मळ सिरियमचा निघाला. किती असावा, हेही प्रयोगांनी ठरले : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड. कमी घातले तर उजेड पडत नाही, जास्त घातले तर जाळी थंडावते. चवीपुरते मीठ, पण तराजूत तोललेले. १८९१ साली ही जाळी बाजारात आली आणि तिने विजेच्या दिव्याशी कित्येक दशके टक्कर दिली.

८/ असे का घडते? तापलेला कोणताही पदार्थ आपली बरीच ऊर्जा उष्णतेच्या अदृश्य किरणांत घालवतो. थोरियम ऑक्साइड असे किरण फारच कमी सोडते. म्हणून त्याची बारीक जाळी ज्योतीत अतिशय तापते. त्यातील सिरियम ती ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात बाहेर टाकते. एक तापवतो, दुसरा उजळतो. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचे.

९/ हीच जाळी जर्मनीत बनलेल्या 'पेट्रोमॅक्स' दिव्यात बसली. रॉकेलची टाकी, हवेचा पंप, आणि वर लोंबणारी जाळी, तिलाच महाराष्ट्रात 'मँटल' म्हणू लागले. वीज पोहोचली नव्हती त्या दशकांत वारीच्या वाटेवर, लग्नाच्या वरातीत, तमाशाच्या फडात आणि गावच्या जत्रेत 'गॅसबत्ती' म्हणून हाच दिवा डोक्यावर किंवा बांबूवर मिरवला गेला. पंप मारणारा, पिन फिरवणारा, फाटके मँटल बदलणारा बत्तीवाला हा त्या काळाचा खरा प्रकाशतज्ज्ञ होता. त्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

१०/ आता वाळूकडे. आउअरच्या जाळीला थोरियम लागे आणि ते 'मोनाझाइट' नावाच्या खनिजात मिळे. आरंभी ते ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येई. १९०९ साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाने त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे पिवळसर कण ओळखले. काथ्याचा माग काढत तो मणवाळकुरिचीच्या किनाऱ्यावर पोहोचला. लवकरच तेथून मोनाझाइटची निर्यात सुरू झाली.

११/ पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी या व्यवसायातील जर्मन हितसंबंध मोडून काढले. मालक बदलले, व्यवहार तोच राहिला. वाळू बोटीत चढे, थोरियम आणि सिरियम युरोपात वेगळे होत, आणि मँटल पाकिटात घालून पुन्हा हिंदुस्थानच्या बाजारात येई. कोकणच्या खाली याच किनाऱ्यावरचे खनिज जगाची फेरी मारून महाराष्ट्राच्या जत्रेत उजळू शके, आणि बत्तीवाल्याला त्याचा पत्ताही नसे.

१२/ इथे नेहमीचे वाक्य येते : "आपली वाळू त्यांनी लुटली." वाक्य खोटे नाही. पण अपुरे आहे. वाळू नेण्यापासून कोणी अडवले असते, तरी तिच्यातून मँटल बनले नसते. मोनाझाइट दाहक सोड्यात किंवा सल्फ्युरिक आम्लात उकळणे, थोरियम अलग करणे, सिरियम शुद्ध करणे, शंभरात एक प्रमाण राखणे. ही विद्या येथे रुजलेली नव्हती. वसाहतवादाची खरी हानी वाळूच्या वजनात मोजता येत नाही. ती या न रुजलेल्या विद्येत मोजायला हवी.

१३/ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हे ओळखणारी माणसे होती. मोनाझाइटच्या कच्च्या निर्यातीला पायबंद बसला. १८ ऑगस्ट १९५० रोजी 'इंडियन रेअर अर्थ्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. १९५२ साली केरळातील आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. होमी भाभांच्या डोळ्यांसमोर अणुऊर्जेसाठीचे थोरियम होते, हे खरेच.

१४/ पण १९५५ साली ट्रॉम्बे येथे जो थोरियमचा कारखाना उभा राहिला, त्यातील थोरियम नायट्रेटला तातडीचे गिऱ्हाईक अणुभट्टी नव्हते. ते होते गॅसबत्तीच्या मँटलचे कारखानदार. अणुयुगाच्या पाठ्यपुस्तकांत ही ओळ क्वचितच येते. ज्या ट्रॉम्बेला देश अणुशक्तीसाठी ओळखतो, तेथील पदार्थाने आधी रॉकेलच्या बत्त्या उजळल्या. वाळू आणि मँटल यांच्यामधला परदेशी मुक्काम प्रथमच वगळता आला.

१५/ आता दुसऱ्या प्रवाहाकडे. गॅसबत्तीची जाळी तापून उजळते. पण काही भुकट्या न तापताच उजळतात. त्यांवर अदृश्य किरण, इलेक्ट्रॉन किंवा निळा प्रकाश पडला की त्या आपल्या रंगाचा प्रकाश देतात. त्यांना 'फॉस्फर' म्हणतात. नावात फॉस्फरसची छाया असली, तरी बहुतेकांचा फॉस्फरसशी संबंध नसतो.

१६/ या प्रवाहाचा आरंभही मळाच्या गोंधळातून झाला. १८८०च्या दशकात लंडनच्या विल्यम क्रुक्सने निर्वात नळीत यिट्रियमच्या भुकटीवर कॅथोड किरण सोडले आणि विलक्षण रंगरेषा पाहिल्या. त्यांतून त्याला नवनव्या मूलद्रव्यांची चाहूल लागली. फ्रान्सच्या लकॉक द बॉइसबोद्रांने दाखवून दिले, की त्या रेषा भुकटीत उरलेल्या दुसऱ्या मूलद्रव्यांच्या अत्यल्प अंशांच्या आहेत. उजेड पुन्हा एकदा मळाचाच निघाला.

१७/ म्हणजे 'डोपिंग' ही मुळात भेसळच. फरक एवढाच, की बाजारातली भेसळ लपवून केलेली असते आणि प्रयोगशाळेतली मोजून. आधी पदार्थ कमालीचा शुद्ध करायचा आणि मग त्यात हवा तेवढाच 'मळ' घालायचा. शुद्धीकरण जमले नाही, तर भेसळही जमत नाही. कारण लोह किंवा निकेलचे नकोसे अंश प्रकाश गिळून टाकतात.

१८/ दुर्मिळ मृदा मूलद्रव्येच या कामी का? त्यांच्या अणूतील प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेत, बाहेरच्या कक्षांच्या आडोशाला असतात. म्हणून भोवतालच्या स्फटिकाचा त्यांना फारसा धक्का लागत नाही आणि प्रकाश नेमक्या रंगाचा, अरुंद पट्ट्यात येतो. यिट्रियम ऑक्साइडमध्ये काही टक्के युरोपियम घातले, तर ६११ नॅनोमीटरचा ठाम तांबडा रंग मिळतो. भुकटी दिसायला मात्र साध्या चुन्यासारखी पांढरी.

१९/ या तांबड्याने एक युग घडवले. रंगीत दूरचित्रवाणीचा आरंभीचा तांबडा फॉस्फर इतका मंद होता, की चित्राचा तोल राखण्यासाठी हिरवा आणि निळाही मंद ठेवावे लागत. १९६४ साली अमेरिकेत युरोपियम मिसळलेले यिट्रियम व्हॅनाडेट पुढे आले आणि पडदा उजळला. १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि घराघरांतील लोकांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धा रंगांत पाहिल्या, तेव्हा पडद्यामागे याच कुळातील भुकटी होती.

२०/ १९७०च्या दशकात नेदरलँड्समधील फिलिप्सच्या संशोधकांनी तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दुर्मिळ-मृदा फॉस्फर एकत्र करून ट्यूबचा उजेड सुधारला. त्यांच्याविना पुढचा सीएफएल शक्य नव्हता. ट्यूबच्या आतला पांढरा लेप अनेकांनी फुटलेल्या काचेत पाहिला असेल. त्याला रंग किंवा चुना समजून झाडून टाकले जाते. वास्तविक दिवा तोच असतो, काच फक्त भांडे.

२१/ मग एलईडी. १९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. २०१४चे नोबेल त्यांना आणि इसामु आकासाकी, हिरोशी आमानो यांना मिळाले. पण निळ्या उजेडात घर चालत नाही. १९९६ साली निचियाने त्या निळ्या चिपवर पिवळ्या भुकटीचा लेप दिला आणि पांढरा एलईडी बाजारात आणला. ती भुकटी म्हणजे यिट्रियम-ॲल्युमिनियम ऑक्साइडचा गार्नेट आणि त्यात किंचित सिरियम.

२२/ पुन्हा सिरियम! १८९१ साली ते ज्योतीत तापून उजळले. १९९६ साली निळा प्रकाश पिऊन पिवळा देऊ लागले. भौतिकशास्त्र पूर्ण वेगळे, धातू तोच, प्रमाणही त्याच घरचे : शंभरात एखाद-दुसरा अंश. गॅसबत्ती आणि एलईडी यांच्यातील ही नाळ ध्यानात घेतली, की 'जुने मागासलेले, नवे प्रगत' अशी सरळ रेषा उरत नाही. एकाच विद्येची दोन वळणे दिसू लागतात.

२३/ महाराष्ट्रात ही विद्या रुजलीच नाही का? रुजली, आणि तीही ट्रॉम्बेलाच. क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाच्या छातीशी एक लहानसा बॅज दिसतो. त्याच्या अंगावर किती किरणोत्सार पडला, याची नोंद हा बॅज ठेवतो. पूर्वी यासाठी छायाचित्रणाची फिल्म वापरत. पण उष्ण आणि दमट हवेत तिच्यावरची नोंद फिकी पडे.

२४/ १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानी संशोधकांनी डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटचा गुण दाखवला. हे ऑक्साइड नव्हे, सल्फेट. पण कुळ तेच. ही भुकटी किरणांची ऊर्जा महिनोन्‌महिने साठवते आणि तापवली की प्रकाशरूपाने परत देते. जितका प्रकाश, तितका किरणोत्सार. भाभा अणुसंशोधन केंद्राने ती भुकटी स्वतः बनवली, टेफ्लॉनमध्ये मिसळून तिच्या चकत्या केल्या, आणि १९७५पासून देशभर त्यांचे बॅज वापरात आणले.

२५/ कल्पना जपानची, भुकटी ट्रॉम्बेची. आणि इथे डिस्प्रोसियम लागते ते हजारात एका भागाहूनही कमी. म्हणजे प्रश्न खाणीचा नव्हताच; तो होता शुद्ध कॅल्शियम सल्फेट, नेमके प्रमाण, भट्टीचे तापमान आणि कणांचा आकार दरवेळी तोच राखण्याचा. ते साधले आणि देशातील किरणोत्सारात काम करणाऱ्यांच्या सुरक्षेची मोजणी देशी भुकटीवर उभी राहिली. प्रस्तुत वादातील सर्वांत भक्कम पुरावा हाच.

२६/ दुसरा पुरावा शिक्षणसंस्थांचा. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फरवरील संशोधनाची कित्येक दशकांची परंपरा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ज्वलन-पद्धत विकसित केली : धातूंची नायट्रेटे आणि युरिया एकत्र करून सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायचे, काही मिनिटांत मिश्रण पेट घेते आणि फेसाळ ऑक्साइड उरते. शेतकऱ्याच्या ओळखीचा युरिया इथे इंधन होतो. फॉस्फर बनवण्याची ही पद्धत आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते.

२७/ मग उणे कुठे पडले? कारखान्यात. चिनी माल इतका स्वस्त झाला, की २००४च्या सुमारास इंडियन रेअर अर्थ्सने आलुवा येथील दुर्मिळ मृदा संयुगांचे उत्पादन थांबवले. पाच दशकांनी मिळवलेली सवय तोट्याच्या रकान्यात गेली. २०१० साली चीनने निर्यात आखडली आणि भाव भडकले, तेव्हा जग जागे झाले. दरम्यान येथील पिढीतील हातखंडा कारागीर निवृत्त होत होते.

२८/ ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली. ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. सरकारी खरेदीत ३१० रुपयांचा दिवा अवघ्या ३८ रुपयांवर आला. विजेची बचत झाली, गावोगावचे रस्ते उजळले. हे यश निर्विवाद आहे. पण दिव्यांची जुळणी देशात होत असताना त्यांतील चिप आणि पिवळी भुकटी बहुतांशी बाहेरून येत राहिली. वाळू-मँटलचा जुना हिशेबच नव्या वहीत उतरला.

२९/ एक प्रामाणिक आक्षेप नोंदवला पाहिजे. भारतीय मोनाझाइटमध्ये सिरियम, लॅंथनम, निओडिमियम विपुल. युरोपियम, टर्बियम, डिस्प्रोसियम आणि यिट्रियम मात्र थोडेच. एलईडीच्या गार्नेटला यिट्रियम लागतेच. मग नुसत्या विद्येने काय होणार? आक्षेप रास्त आहे. एप्रिल २०२५मध्ये चीनने ज्या सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, त्यांत यिट्रियम आणि डिस्प्रोसियम दोन्ही आहेत.

३०/ तरीही आक्षेप मूळ मुद्दा खोडत नाही. जपानकडे आउअरच्या काळात मोनाझाइटचे किनारे नव्हते आणि निचियाच्या काळातही यिट्रियमच्या मोठ्या खाणी नव्हत्या. युरोपियमचा तांबडा फॉस्फर वापरणाऱ्या बहुतेक देशांकडे युरोपियम नव्हते. धातू विकत घेता येतो, साठवता येतो, जुन्या ट्यूबमधून परतही काढता येतो. पण शुद्ध करणारा हात विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो आणि तोट्याच्या वर्षांतही सांभाळावा लागतो.

३१/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांपुढे दोन कामे आहेत. पहिले, नजरेचे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील पितळी दिवे पाहताना कारागिराचा हात दिसतो, कारण दिव्याचा आकार टिकतो. आधुनिक दिव्यांत कारागिरी भुकटीत असते आणि भुकटी टिकत नाही. मँटलचे जुने पाकीट, त्यावरचा छाप, बत्ती भाड्याने देणाऱ्याची वही, ही तितकीच मोलाची साधने आहेत. (जुने मँटल हाताळताना जपावे, थोरियम किंचित किरणोत्सारी असते. त्याची राख हुंगू नये.)

३२/ दुसरे, न्यायाचे. 'काय नेले' या प्रश्नाबरोबर 'काय शिकलो आणि काय विसरलो' हा प्रश्नही विचारायला हवा. पहिला प्रश्न परक्यांकडे बोट दाखवतो. दुसरा ट्रॉम्बेच्या चकतीकडे आणि आलुव्यात २००४च्या सुमारास थांबलेल्या उत्पादनाकडे एकाच वेळी बोट दाखवतो. राज्यांच्या उत्कर्षाची कारणे शोधताना गडांबरोबर टांकसाळी पाहिल्या जातात. विसाव्या शतकाचा इतिहास लिहिताना भट्ट्या आणि भुकट्याही पाहाव्या लागतील.

३३/ शंभरातला एक भाग एवढाच काय तो सिरियमचा वाटा. उरलेल्या नव्व्याण्णवांना तोच अर्थ देतो. देशाच्या अर्थकारणात फॉस्फरच्या भुकटीचे प्रमाणही तसेच नगण्य आहे, आणि म्हणूनच तोट्याच्या वर्षी तिचा खर्च सर्वांत आधी कापला जातो. जाळीतला तो एक भाग काढून टाकला की काय होते, हे हायटिंगरने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिले होते : पदार्थ अधिक शुद्ध दिसतो, आणि उजेड जातो.

#थ्रेड समाप्त. वारी, जत्रा किंवा तमाशाच्या गॅसबत्तीचे जुने छायाचित्र, मँटलचे पाकीट वा बत्तीवाल्यांच्या आठवणी कोणाच्या घरी असतील, तर त्यांनी गाव आणि वर्षासह खाली जरूर जोडाव्यात.